मुदत

या महिन्यात तीन पुस्तकं आणली सेक्टर आठच्या वाचनालयातून.

पहिलं म्हणालं, पहाटे पाचला उठा.
उठले.
ऐरोलीच्या खिडकीतून खाडी दिसेना,
पुलावरचे दिवे तेवढे,
आणि खालच्या मजल्यावर गोवेकरांचा खोकला.
यशस्वी माणसं या वेळी काय करतात
ते पान चहाच्या कपाखाली गेलं,
गोल डाग पडलाय. सांगावं लागेल.

दुसरं म्हणालं, वर्षभर न लागलेलं घराबाहेर काढा.
माळ्यावरून निशादची कंपासपेटी निघाली.
कर्कटकाचं टोक अजून तसंच, बोटात शिरलं.
ठेवली परत, जरा आत सरकवून.

तिसरं काही शिकवायला आलंच नव्हतं.
चिखलाबद्दल होतं सगळं.
खारफुटीची मुळं भरतीत श्वास धरून बसतात
आणि ओहोटी लागली की
पेन्सिलीएवढी नाकं वर काढतात.
दोनशे चाळीस पानांत लेखिका
एकदाही मला ‘तुम्ही’ म्हणाली नाही.

काल दोन परत केली.
काउंटरवरच्या शर्वाणीनं विचारलं,
‘काही उपयोग झाला का, काकू?’
मी डाग दाखवला.

तिसऱ्याची मुदत टळून नऊ दिवस झाले.
दिवसाला रुपया दंड.
भरतेय.