दोन गैरहजर

सीबीएसपाशी सिटीबसनं करकचून ब्रेक दाबला
आणि पुढच्या सीटच्या दांडीनं
माझे वरचे दोन दात घेतले.
एक रुमालात सापडला. दुसरा कंडक्टरनं शोधला,
तिकिटांच्या बोळ्यांत, शेंगांच्या टरफलांत,
मग म्हणाला, मावशी, रात्री डेपोत गाडी झाडतात,
सांगून ठेवू का?

अशोकस्तंभाजवळचा डॉक्टर तरुण आहे, पण घाईत नाही.
प्लास्टरचा जबडा हातात धरून वाटा दाखवू लागला.
हाडात स्क्रू बसवायचा,
हाड त्याला धरेपर्यंत महिनोन्‌महिने थांबायचं,
मग वर दात. आयुष्यभर बघायला नको.
कुणाच्या आयुष्यभर, हे मी विचारलं नाही.
माझी साखर विचारली, हाडाचा फोटो उजेडात धरला,
पातळ आहे म्हणाला, भर घालावी लागेल.
आकडा मात्र बोलला नाही, कागदावर लिहिला.
दात कोरून पोट भरत नाही म्हणतात;
माझ्या पेन्शनमध्ये पोट कोरूनही
दोन दात भरत नव्हते.

मग ब्रिज.
त्यासाठी दोन्ही बाजूंचे धडधाकट दात
घासून बारीक करायचे.
चौतीस वर्षं हजेरी घेतली मी पंचवटीतल्या शाळेत.
गैरहजर दोघे, आणि छड्या शेजारच्यांना?
नको, म्हटलं.

उरली काढायची-घालायची कवळी:
टाळूला गुलाबी पान, तारेचे दोन आकडे,
रात्री वाटीत, पाण्याखाली.

चौथी वाट त्यानं सांगितली नाही,
मीच तीन आठवडे चालून पाहिली.
फट तशीच ठेवायची.
बोलताना पदर, फोटोत ओठ मिटलेले,
पेरू किसून.
पण त थ द ध न
तोंडातून वारा होऊन निघू लागले.
सिन्नरच्या बहिणीला फोन लावला,
तर म्हणते, कोण बोलतंय?

'जग' म्हणजे दुनिया, ते नीट यायचं, टाळूवरून.
दुसरं 'जग', जगण्यातलं,
ते दातांपाशी म्हणायचं असतं.
हेच तर शिकवायची मी:
जीभ कुठं टेकते, बोट लावून बघा रे.
आता जीभ टेकायला जाते
आणि उंबऱ्याबाहेर पडते.

रंग जुळवायला भद्रकालीतल्या लॅबमध्ये पाठवलं.
अरुंद जिना, वर मेणाचा वास, गॅसची निळी ज्योत,
आणि इम्तियाज पिंजारी, चष्म्यावर भिंग चढवलेला.
माझ्याकडे पाहिलं अन् ताडकन उभा राहिला,
हात पाठीमागे.
"बाई, दुसरी ब."

मला आठवेना. त्याला आठवत होतं.
पुढचे चार दात एकाच महिन्यात पडलेले,
कौलांवर फेकलेले,
आणि मी त्याला वाचायला उभं केलेलं: ससा.
थथा, म्हणाला तो.
वर्ग हसला.
"तुम्हीपण, बाई. थोडंसंच."
रागानं नाही, माप सांगावं तसं.
मी काही बोलले असते
तर तेही वाराच झालं असतं.

त्यानं मला दाराशी उजेडात नेलं,
दातांच्या रंगांची पट्टी ओठाशी धरली.
"चहा दिवसाला किती?"
पाच. शाळेत होते तेव्हा सात.
"मग पांढरेशुभ्र नकोत. कडेला चहाची एक रेघ देतो.
नाहीतर कळतं लगेच,
वर्गात नवीन पोरगा आलाय."

गुरुवारी तो स्वतःच दवाखान्यात घेऊन आला, डबीत,
कापसावर.
घातली तेव्हा उमासा आला,
दुसऱ्या कुणाचा घास तोंडात असल्यासारखा.
डॉक्टर हात धुवायला गेला.
इम्तियाजनं भिंतीवरची दिनदर्शिका दाखवली,
वाचा.
सोमवार. सप्तमी.
'स'ला बारीक शिट्टी लागली.

तो हसला नाही.
कवळी काढून घेतली, पकडीनं तार
केसाएवढी वाकवली, पुसून हातात दिली.
"परत, बाई."