गो, नो-गो

उद्यमनगरात माझं काम तपासणीचं.
बुशाच्या भोकात गेजचं एक टोक जायला पायजे,
दुसरं अडायला पायजे.
दोन्ही गेली तर भंगार,
दोन्ही अडली तर परत लेथवर.
दिवसाला आठशे नग बघतो.
शाळेला असलं गेज कुणी काढलेलं नाही.

तेजलची शाळा चौथीलाच संपती.
पाचवीला जवळपास तीन शाळा,
तिन्ही महापालिकेच्या, तिन्ही चालत जाण्याजोग्या.
शनिवारी अर्धी रजा टाकली
आणि तिला घेऊन निघालो.

टाकीजवळची शाळा.
रंग नवा, अजून वास येत होता.
भिंतीवर पाढे, ग्रह, बेडकाचे चार अवतार.
संगणक बारा, बाराही झबली घालून बसलेले.
पट किती विचारलं, दोनशे दहा म्हणाल्या बाई.
मी व्हरांड्यातल्या चपला मोजल्या.
एकशे सहासष्ट जोड.
सवय आहे, त्याला काय करणार.

बाईंनी तेजलला विचारलं,
मोठी होऊन कोण होणार?
"मी फुटबॉलची रेफ्री होतो."
"होतो नाही बाळा, होते. मुलींनी होते म्हणायचं."
बाई गोड होत्या. पुस्तकात तसंच आहे.
मुतारीला दोन दारं, दोन्हीला कड्या, पाणी वाहतं.
सगळं मापात होतं
आणि पोरगी नंतर बोललीच नाही.
जिन्यावर हळूच म्हणाली,
"आई, मग तू पण चुकीचं बोलतीस?"

मी म्हणालो, मला ऊन लागतंय, चल.

तालमीमागची शाळा.
पट साठ, चपला अठ्ठावन्न.
पाचवी-सहावी एकाच खोलीत, मधे पत्र्याचं कपाट.
घंटा बागणीकर सर स्वतः देतात,
शिपाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाला तो झालाच.
मुतारीत बादली होती, पाणी होतं,
कडी नव्हती.
सुतळी बांधायची आणि मैत्रिणीला बाहेर उभं करायचं.
नो-गो, मनात लिहून टाकलं.

कपाटापलीकडं शिकलगार बाई अपूर्णांक घेत होत्या.
कुणाच्यातरी बापाच्या गॅरेजातले पाने
टेबलावर ओळीनं मांडलेले.
"तीन अष्टमांश मोठा, का सात षोडशांश?"
पोरं पाने हातात घेऊन भांडत होती.
मला, वीस वर्षं मायक्रोमीटर धरणारीला,
पळभर थांबावं लागलं.
बाई दाराकडं बघून म्हणाल्या,
"बसा की हो. एवढं गणित झालं की मी येतोच."

मी येतो.
तेजलनं माझ्याकडं बघितलं.

तिसऱ्या शाळेबद्दल सांगण्यासारखं थोडंच.
गेटवरच वॉचमन म्हणाला,
फॉर्म मंगळवारीच संपले, लोक पहाटेपासनं रांगेत होते.
तिथं तपासणारे ते, नग आम्ही.

रात्री नवरा म्हणाला, टाकीची.
पुढं सगळं संगणकावरच आहे.
खोटं नाही त्याचं.
शेजारच्या मालूताई म्हणाल्या,
साठ पोरांची शाळा उद्या बंद पडली तर?
त्यांचंही खोटं नाही.
मी तेजलला विचारलं.
ती पांघरुणातनं म्हणाली, "सात षोडशांश."
आणि कूस बदलली.

दोन्ही फॉर्म भरून डब्याखाली ठेवलेत.
एकावर सही केली आहे,
कुठल्या ते घरात अजून सांगितलं नाही.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत
भंगाराच्या पेटीतनं एक पट्टी काढली,
कडा घासल्या, दोन भोकं पाडली.
मेस्त्री म्हणाला, हे कुठल्या जॉबचं? ड्रॉइंग कुठाय?
ड्रॉइंग नव्हतं.
दाराचं माप शनिवारीच
बोटांवर घेऊन आलो होतो.