थेट

सातपूरला ट्रक सकाळी सातलाच येऊन उभा.
पन्नास किलोच्या गोण्या, निळ्या सुतळीची शिलाई,
वर छापलेलं : प्रक्रियेसाठी. थेट मानवी सेवनासाठी नाही.
पोपट टर्ले गोणीत परखी खुपसतो,
मूठभर मीठ माझ्या बशीत ओततो
आणि म्हणतो, मॅडम, दिसायला तर मीठच आहे.

दिसायला.
दहा ग्रॅम मोजते. पाणी, आम्ल,
मग फ्लास्क दहा मिनिटं कपाटात, अंधारात.
ही दहा मिनिटं मला आवडतात.
दाराखालून तळणीचा वास येतो,
शेंगदाणे, कढीपत्ता, करपत आलेला लसूण.
मग स्टार्च.
गेल्या महिन्यात याच फ्लास्कात
शाईची दौत लवंडावी तसा निळा उतरला होता
आणि थेंब थेंब मोजत मी तो घालवला होता.
आज पाणी पाणीच राहिलं.
पुन्हा केलं.
पाणी.

हस्तीमलशेठनी सल्लागाराचं पत्र पुढे सरकवलं,
एकाच शब्दाखाली रेघ : थेट.
"चिवडा म्हणजे मीठ नव्हे ना?
चिवड्यातलं मीठ कोण खातं, चिवडा खातात.
किलोमागे दीड रुपया वाचतोय.
आणि तळणीत तुमचं आयोडीन उडतं,
हे तर तुम्हीच म्हणाला होतात."
म्हणाले होते. थोडं उडतं. सगळं नाही.
किती उरतं ते मोजायला दोन दिवस मागितले होते,
ते दोन दिवस अजून यायचेत.

तेव्हापासून हा शब्द दाताखाली आहे,
भातातल्या खड्यासारखा.

आमचं पाच रुपयांचं पाकीट थेट कुठेच जात नाही.
खोक्यात बसून पेठच्या गाडीच्या टपावर चढतं,
सावळघाटात प्रत्येक वळणाला कलतं,
करंजाळीला दुकानाच्या दारात माळेने लटकतं,
उन्हात आठवडाभर.
मग मधल्या सुट्टीत एक पोरगी ते दातांनी फाडते,
पोहे संपवते, डाळ संपवते,
पाकीट उलटं करून झटकते
आणि कोपऱ्यात चिकटलेलं मीठ
बोट ओलं करून चाटते.
यापेक्षा थेट काय असतं, मला माहीत नाही.

ही पोरगी मी पाहिलेली नाही. सोमी भोयेने सांगितली.
सोमी पॅकिंगला आहे, तिकडचीच.
एका वर्षी तिने बोहाडा बघायला नेलं होतं.
संबळ, टेंभे, मुखवट्यांची रांग,
आणि गर्दीच्या कडेला तिची मावशी,
पदर गळ्याभोवती घट्ट, त्याखाली आंब्याएवढी गाठ.
मी बघतेय हे तिने बघितलं.
"मला मुखवटा कशाला, पोरी," म्हणाली,
"माझं सोंग गळ्यातच आहे."
हसली. सोमीही हसली.
मी टेंभ्याकडे बघत राहिले.

फॉर्मवर रकाना आहे : वापर.
दोन चौकोन, एकात बरोबरची खूण करायची.
ज्याने हे चौकोन आखले
त्याने माणसाला तोंडं तरी दोन दिली असती,
एक थेट खायला, एक प्रक्रिया झालेलं.

अकरा वर्षं शेठचं मीठ खातेय.
खाल्ल्या मिठाला जागावं, आई म्हणायची.
कुठल्या मिठाला, हे तिला कोणी विचारलं नव्हतं.
मुलाची फी पंधरा तारखेला आहे.
हेही लिहून ठेवते, नाहीतर वाटेल
मी कुणी फार मोठी बाई आहे.

बाहेर हॉर्न. पोपट दारात : उतरवू का?

चौकोन दोन्ही कोरे ठेवले.
शेऱ्यात लिहिलं : रंग आला नाही.
खाली सही, तारीख, वेळ नऊ दहा.
नको उतरवू, म्हटलं, आणि आवाज जरा चिरकला.

ट्रकवाल्याने खांदे उडवले.
त्याला काय, गोण्या चढल्या काय नि उतरल्या काय.
समोरच्या टपरीवर त्याने चहा सांगितला,
वरची माळ ओढून एक पाकीट तोडलं,
आमचंच,
दातांनी.