पावत्या

आधी वाटलं, मीच ती दुसरीकडे लावली असेन.
पहाटेचे पाच दहा, हातात किल्ली,
आणि दारापुढे काळ्या डांबराचा लांबट चौकोन,
भोवती सगळं गोठलेलं, पांढरं.
कपाळावरचा चष्मा शोधत फिरावं
तसा वरच्या गल्लीपर्यंत जाऊन आलो.
ट्रेडेगरमध्ये दीड टनाची निळी वस्तू हरवायला
फारशा जागा नाहीत.

समोरच्यांच्या दारावरच्या कॅमेऱ्यात सापडलं सगळं.
दोन पन्नासला दोघं जण.
एकानं पिशवीसारखं काहीतरी आमच्या दाराला लावून धरलं.
आत बशीत, लिंबांशेजारी निजलेल्या किल्लीला
बाहेरून कुणीतरी हळूच काही विचारलं
आणि तिनं उत्तर दिलं.
त्रेचाळीस सेकंद.
मला तेवढ्यात बुटाची नाडी बांधता येत नाही.

उतारावर त्यांनी घाई केली नाही.
थंड इंजिन पिळायचं नसतं, हे त्यांना ठाऊक होतं.
क्षणभर त्यांचे आभार मानावेसे वाटले
आणि मग इतका राग आला
की दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या फोनवर,
मी फक्त म्हणालो, पुन्हा लावा.

शेजारच्या मिसेस प्रॉसर,
ज्यांनी त्या आवाजाबद्दल कौन्सिलला तीन पत्रं लिहिली,
म्हणाल्या, जाग आली होती रे मला.
वाटलं, एमिरला आज लवकर जायचंय.

पोलिसांनी एक नंबर दिला.
सर्दी झालेल्या मुलीनं तो दोनदा वाचून दाखवला
आणि विचारलं, आणखी काही मदत हवी का.

विम्याचा माणूस जास्त बोलायचा.
गाडीत काही बदल केले होते?
थोडे.
सगळ्या पावत्या लागतील.

पावत्या गॅरेजमध्ये, रंगाच्या डब्यामागे,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात होत्या.
तिथे त्या का होत्या, हे मेरेरिडनं विचारलं नाही.
टेबलावर पसरून बसली.
एक्झॉस्ट. पुढचे ब्रेक. सीट, एक जोडी, जर्मनीहून.
मला वाटलं बेरीज करतेय.
ती तारखा लावत होती.
हे डॅम्पर ऑगस्टमधले, म्हणाली,
ज्या ऑगस्टमध्ये आपल्याला टेनबी परवडलं नाही.
तिच्या पाठीमागे आमचा ओटा,
सहा वर्षं एका कोपऱ्यात विटेवर टेकलेला.

बराच वेळ फ्रिजच बोलत होता.
मग तिनं एक कागद उचलला.
इंटरकूलर म्हणजे काय?
मी सांगितलं: तापलेली हवा आत जायच्या आधी
ती थंड करतो.
तसला घरात एक बसवायला हवा होता, म्हणाली
आणि उठून चहा ठेवला. दोघांचा.

बैल गेला, झोपा केला:
दारापुढे आता लोखंडी खांब आहे, पिवळा, कुलपाचा.
आत राखायला चाकांचा एक जादा संच
आणि डांबरावरचा तेलाचा डाग.
मी पाच वीसची बस पकडतो.
मिसेस प्रॉसर गोळी घ्यायला उशिरा उठतात,
आणि त्याचा दोष मलाच देतात.

तिसऱ्या आठवड्यात न्यूपोर्टजवळच्या एका शेडमधून फोन.
ओळख पटवायला बोलावलं.
इंजिन नाही, दारं नाहीत, जर्मन सीट तर नाहीतच.
काचेवर माझ्या कारखान्याचा पार्किंग पास,
मार्चपर्यंत वैध.
हो, म्हटलं. हीच.
हवालदारानं माझ्या दंडाला हात लावला,
आणि असं कधी करायचं असतं ते आठवून काढून घेतला.

शेवटचं पत्र: दोन्ही किल्ल्या पाठवा,
म्हणजे तुम्हीच विकली नाही, हे सिद्ध होईल.
मेरेरिडनं जाड पाकीट आणलं, पत्ता लिहिला.
चिकटवण्याआधी मी एकदा बटण दाबलं
आणि खिडकीतून बाहेर बघितलं.

तिनंही बघितलं.