खालच्या मजल्याचे कान

कारखान्याने आमची केली ती बिनपाण्याचीच.
नोव्हेंबरात पत्र, डिसेंबरात कुलूप,
आणि क्रामफोर्सच्या हवेत लगद्याचा वास
तेवढा दोन आठवडे रेंगाळला, बिनपगारी.
सकाळी करायला काही उरलं नाही तेव्हा
जुन्या बाजारात ऐंशी क्रोनांना वस्तरा घेतला,
शिंगाच्या मुठीचा, पात्यावर कुणाच्या तरी नावाची दोन अक्षरं,
त्यातलं एक झिजून गेलेलं.

बावन्न वर्षांचा माणूस दाढी करायला शिकतो
हे हसण्यासारखंच आहे.
यंत्राने दोन मिनिटांत चेहरा उरकायची सवय;
आता कोमट पाण्यात ब्रश, साबणावर गोल गोल,
फेस असा की चमचा उभा राहावा,
आणि नऊ वाजले तरी उजाडायचं बाकी.

पहिल्या दिवशी फक्त उजवा गाल.
कानाशेजारी पातं टेकवलं
आणि हात तिथेच थांबला,
दार वाजवून
कुणाकडे आलो तेच विसरलेल्या पाहुण्यासारखा.

आडवं सरकवायचं नाही, एवढं ठाऊक होतं.
खाली, फक्त खाली.
एका हाताने कातडी ताणायची, दुसऱ्याने पातं निजवायचं.
उभं राहिलं की चावतं,
फार झोपलं की नुसता फेस ओढतं.
या दोन्हींच्या मधे एक जागा असते म्हणे,
मला ती रक्ताने सापडली.
तुरटी लावली
तेव्हा आरशातल्या माणसाने मला शिवी दिली.

तरी फेकून दिला नाही.
केसाने गळा कापणारे पाहिले आहेत मी;
टाय लावून आले होते, कॉफीसुद्धा पाजली.
त्यामानाने हे उघडं पोलाद
सज्जनच म्हणायचं.

चौथ्या सकाळी दाराच्या कडीला पट्टा अडकवून
वस्तरा पाजळत होतो,
फटाक फटाक, जरा रुबाबातच,
तर खालून पाइपावर कुणीतरी ठोकलं.
तीनदा.
मग जिन्यात सपाता, आणि दारात अल्फहिल्ड,
एक्याण्णव वर्षांची,
थंडीवाऱ्यापलीकडे माझ्याशी कधी न बोललेली.
"धार मोडतोयस," म्हणाली.
"परतवताना पाठीवर फिरव पातं.
तू धारेवर फिरवतोयस.
छतातून ऐकू येतंय मला."

तिचा बाप लोंगसेलेला स्टेशनासमोर न्हावी होता.
लाकूडतोडे वसंतात जंगलातून उतरायचे,
तोंडावर चार महिन्यांचं रान घेऊन,
आणि ही सात वर्षांची पोर कोपऱ्यात
मनात साठ मोजत पातं पुढेमागे करायची.
पट्टा तिचा. चेहरा कधी नाही.
बारा वर्षांत एकदाही नाही.
हेही तिने थंडीवाऱ्यासारखंच सांगितलं,
आणि जाताना पट्ट्याला अंगठा लावून:
"याने कुजबुजायला हवं. टाळ्या नकोत."

उरलेला हिवाळा ती खालून ऐकत राहिली.
एकदा ठोकलं तर ठीक,
दोनदा ठोकलं तर पुन्हा.
काही सकाळी काहीच नाही,
तेव्हा मी कान पाइपाला लावायचो,
तिचा रेडिओ लागला की मगच साबण भिजवायचो.

गाल जमले. गळा जमला, श्वास धरून.
हनुवटी मात्र आजही जमत नाही,
तिथे प्रत्येक केस आपापल्या गावाला निघालेला.

एप्रिलात, नदीचं बर्फ तडकलं त्या दिवशी,
मी खाली जाऊन तिच्यासमोर खुर्ची ओढली
आणि वस्तरा टेबलावर ठेवला, मूठ तिच्याकडे करून.
तिने तो उघडला नाही.
चष्मा पुसला. कोरड्या बोटाने
माझ्या जबड्याची रेघ कानापासून चाचपत आणली,
अंधारात जिना उतरावा तशी.
"इथे घाई होती," म्हणाली.
"इथे बरं."
आणि हनुवटीशी थांबून,
"इथे घाबरलास."

खिडकीबाहेर बर्फाचा एक मोठा तुकडा
पुलाला घासत गेला.
तिने बाह्या दुमडल्या, एक, मग दुसरी.

मी पाणी तापत ठेवलं.