तारण

क्लीव्हलँडच्या एका रस्त्यावर सरकारची चौदा घरं आहेत.
जप्तीतून आलेली. गवत कापायचं कंत्राट कॉर्डेल टिब्सकडे,
घरामागे बत्तीस डॉलर, पेट्रोल स्वतःचं.
खिडक्यांना प्लायवुड ठोकलंय, प्लायवुडवर
कुणाकडून तरी रंगवून घेतलेले पडदे,
एका खिडकीत तर कुंडी, कुंडीत लाल फुलं.
जानेवारीतही फुललेली.

पाचवं घर झुपानबाईंचं.
नवऱ्यानं भट्टीपुढे उभं राहून ते एकदा फेडलं होतं.
मग छपरासाठी पुन्हा गहाण पडलं,
मग कर्ज विकलं गेलं, विकलेलं पुन्हा विकलं गेलं,
आणि हप्ता आता भरायचा कुठे, असं विचारायला
बाईंनी फोन केला की नुसती धून वाजायची.
एकदा एकोणचाळीस मिनिटं. भाजी करपली.

आज वॉशिंग्टनला सुनावणी आहे.
कॉर्डेल ट्रकमध्ये रेडिओ लावून सँडविच खातोय.
एक साहेब म्हणतात, सरकारनं यातून अंग काढून घ्यावं.
दुसरे म्हणतात, सरकार मागे उभं नसेल
तर तीस वर्षांच्या बोलीवर कोण कुणाला पैसा देईल?
तिसरे म्हणतात, हमी द्या, पण लिहून द्या,
आणि आधी तिचे पैसे घ्या.
कॉर्डेलला तिसऱ्याचं पटतं.
थोडं दुसऱ्याचंही.

पण मागे उभं, म्हणजे कुणाच्या मागे?
या चौदाही घरांच्या मागे तो दर पंधरवड्याला जातो.
झोपाळ्याची गंजकी चौकट, फुटका टब,
एक मांजर. ते कुणाचंच नाही.

आपल्याकडे याला तारण म्हणतात.
शब्द कुणी ठेवला कोण जाणे,
फार आशेनं ठेवला असावा.
कागद तरले, कागदांचे कागद तरले,
झुपानबाई मुलीच्या तळघरात राहायला गेल्या
आणि जाताना कॉर्डेलला शिडी देऊन गेल्या.

त्याच्या ट्रकच्या खणात एक अर्ज आहे.
नवव्या घराचा. सरकारी हमीचा.
तीन महिने झाले, अर्धाच भरलाय.
'मुदत' या रकान्यापाशी पेन थांबतं:
तीस वर्षांनी तो एक्क्याऐंशीचा होईल.

रेडिओवर मध्यंतर झालं.
तो उतरतो, यंत्र ओढत नवव्या घरापाशी येतो.
आधी मधलं गवत, नेहमीसारखं.
मग गुडघे टेकून, कात्रीनं,
पायरीच्या कडेचं.

त्याचे पैसे कंत्राटात नाहीत.