आरशातली अर्धी गाडी

सोमवारी संग्रहालय बंद. मंगळवारी मी येते,
पेन्शनरांच्या अर्ध्या तिकिटात.
पहारेकरी टेस्फाय ओळखतो मला.
"फ्राउ डेंगलर, हात लावायचा नाही," म्हणतो,
आणि मुद्दाम खिडकीकडे बघत राहतो.

ही पहिली, पन्नासच्या दशकातली.
हिचा पत्रा आमच्या शेजारच्या ऑयगेनने
लाकडी साच्यावर ठोकला.
एक कान युद्धात गेलेला. उरलेल्या कानाने
तो पत्र्याचा सूर ऐकायचा:
बद्द वाजला तर अजून ठोकायचं,
खणखणला की थांबायचं.
इतकी बुटकी, की उतरताना माणूस
आधी गुडघे बाहेर काढतो, मग स्वतःला.
डावं-उजवं तंतोतंत नाही. कोणाचं असतं?

साठची. कंबर बारीक, काचा मोठ्या,
खांब एवढे नाजूक
की छप्पर नुसतं वर ठेवल्यासारखं.
हिच्यातून लोक आल्प्स ओलांडून इटलीला जायचे,
परत आणायचे सोललेली नाकं
आणि ऑलिव्हच्या तेलाचे डबे.

मग त्र्याहत्तर. तेल आटलं.
रविवारी गाड्यांना बंदी.
ऑटोबानवर आम्ही पायी गेलो,
आई बाबागाडी ढकलत,
मी मधल्या रेघेवरून, हात पसरून.
कारखान्यात मात्र अमेरिकेच्या नियमांपायी
या देखण्या बाईच्या तोंडाला
काळं रबर बांधत होते,
दाढ दुखत असल्यासारखं.

ब्याऐंशीत मी लागले. मातीकामाला.
तपकिरी माती, भट्टीत साठ अंशांवर मऊ केलेली.
गंधकाचा वास केसांत, उशीत,
नवऱ्याच्या तक्रारीत.
गाडी अर्धीच घडवायची.
मधोमध आरसा उभा करायचा,
उरलेली अर्धी तो देतो,
फुकट, आणि चूक न करता.

चूक मी केली.
मागच्या खिडकीखाली, चाकाच्या जरा वर,
रात्री अकराला अंगठा जास्त दाबला गेला.
दोन मिलिमीटर. खळी म्हणावी इतकंच.
भरून काढणार, तोच साहेब आले,
साहेबांमागे आणखी साहेब.
लांब उभे राहिले, डोळे बारीक केले.
आरशाने चूक दुप्पट केली होती,
आणि दोन्हीकडे सारखी असलेली चूक
म्हणजे शैली.
"ही सावली," ते म्हणाले, "हिला हात लावू नका."
मी हात मागे घेतला. तोंडही मिटलं.

नव्वदची वाऱ्याच्या बोगद्यात धूर सोडून
साबणाच्या वडीसारखी झिजवलेली.
खळी तेवढी उरली.
दोन हजारनंतर अंगाने भरली, मग सुटतच गेली.
दार लावलं की तिजोरीचा आवाज,
पुढची जाळी अशी
की सायकलवाल्याला गिळेल.
माती आता यंत्र कोरायचं.
आम्ही शेवटी नुसता हात फिरवायचो,
बुजऱ्या घोड्यावरून फिरवावा तसा.
खळी होतीच. माहितीपत्रकात
तिला एव्हाना एक लॅटिन नाव मिळालं होतं.

आणि ही शेवटची, विजेवरची.
नाकात इंजिन नाही, तरी नाक लांबच.
आत एक चार्जिंगची केबल
आणि पुष्कळशी सवय.
पडद्यावर हिला आखणाऱ्या यांटेला
माझ्या निरोपाच्या दिवशी विचारलं:
ही सावली कशासाठी गं?
"असतेच ना ती," म्हणाली,
"काढून बघितली. मग आपली वाटेना."
मी केकचा मोठा तुकडा तोंडात कोंबला.

आज टेस्फाय बराच वेळ
खिडकीकडे बघतोय.
अंगठा अजून तिथे नेमका बसतो,
संधिवाताने वाकलाय तरी,
किंवा वाकलाय म्हणूनच.

मी गेले की तो कापड घेऊन येईल,
छपरावरून, दारावरून पुसत,
आणि चाकाच्या जरा वर
त्याचं बोट, त्याला न विचारता,
किंचित आत उतरेल.